उद्योजकाचे दहा गुण

तिसऱ्या वर्षाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गाला 'उद्योजकता आणि व्यवसाय कौशल्ये' हा पेपर सक्तीचा झाला, तेव्हा तो माझ्याकडे आला तो माझ्या लायकीमुळे नव्हे. त्या सत्रात माझे दोन तास कमी भरत होते, एवढंच. विभागप्रमुखांनी वेळापत्रक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "मॅडम, सोपा पेपर आहे. पुस्तक ठरलेलं आहे. वाचून दाखवा, मुलं पाठ करतील, पास होतील."

मी मान डोलावली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांच्यात मीही आहे.

आमचं कॉलेज तंजावरच्या वेशीबाहेर आहे. मुलं येतात ती पापनाशम, तिरुवैयारु, ओरत्तनाडु अशा गावांतून, सकाळच्या बसने, कुणी दोन बस बदलून. बहुतेकांच्या घरातलं कॉलेजची पायरी चढलेलं हे पहिलंच माणूस. माझं घर मात्र तंजावरातल्या जुन्या मराठी नोकरदारांचं. आजोबा शाळामास्तर, वडील कलेक्टर कचेरीत, काका तारखात्यात, आणि मी इथे. घरी मराठी, रस्त्यावर तमिळ, वर्गात इंग्रजी, आणि महिन्याच्या शेवटी पगार. मला आठवतंय तेवढ्या पिढ्यांत आमच्यातल्या कुणी कधी काही विकलेलं नाही. आमच्यात तो जवळजवळ अभिमानाचा विषय होता.

पहिल्या तासाला मी पुस्तक उघडलं. पहिला धडा, 'उद्योजकाचे दहा गुण'. आत्मविश्वास, जोखीम पत्करण्याची तयारी, नेतृत्व, दूरदृष्टी, चिकाटी, असे ओळीने दहा. मी फळ्यावर लिहीत गेले, मुलं वहीत उतरवत गेली. सातव्या गुणावर तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. सडपातळ, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, वर्गात फारसं न बोलणारी मुलगी.

"मिस, तुम्ही कधी काही विकलंय?"

उद्धटपणा तिच्या आवाजात नव्हता. पाण्याचा उत्कलनबिंदू विचारावा तसं तिने विचारलं होतं. पण मला ते झोंबलं. "खाली बस. आधी लिहून घे," असं म्हणून मी आठवा गुण लिहायला फळ्याकडे वळले.

संध्याकाळी घरी आईला हा प्रसंग सांगितला. मला वाटलं होतं, ती म्हणेल काय ही आजकालची पोरं. आई भेंडी चिरत होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. आमच्या घरच्या मराठीत राग येत नाही, कोप येतो. ती म्हणाली, "खरेंच तर विचारली ती. तुला कोप कां आला?"

दुसऱ्या तासाला मी वर्गापुढे उभी राहिले आणि सांगितलं, "नाही. मी आयुष्यात काहीही विकलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी विकलंय?"

अर्ध्याहून जास्त हात वर आले. एकीच्या घरी मोगऱ्याचे गजरे होतात आणि ती आठवीत असल्यापासून देवळापाशी बसते. एकाच्या वडिलांची केळीच्या पानांची वखार, तिथे सुट्टीत गिऱ्हाईक तो सांभाळतो. कुणाचं दूध, कुणाची विड्याची पानं, कुणाचा परोट्याचा गाडा. जे काम ही मुलं लहानपणापासून करत होती, ते त्यांना शिकवायला मी खडू घेऊन उभी होते. आणि त्यांच्या अंगी काय काय असायला हवं, ते पुस्तकातून वाचून दाखवत होते. लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ संतापही आला. हा पेपर लिहिणाऱ्यांनी हे हात पाहिले नव्हते. पाहायची त्यांना गरजच वाटली नव्हती.

मी पुस्तक मिटलं. "हे बाजूला ठेवा," मी म्हणाले. "तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या धंद्यातली एक अडचण शोधा. तीन वर्षं प्रयोगशाळेत जे शिकलात ते तिथे वापरून बघा. सत्राच्या शेवटी काय घडलं ते मला सांगा."

'हे बाजूला ठेवा' हे वाक्य माझंच होतं. पुढे ते मला परत ऐकावं लागलं.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिचं घर पापनाशमला, बसस्टँडपासून दोन गल्ल्या आत. वडील तिरुप्पूरला कापडाच्या कारखान्यात, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारे. आई घरासमोर टेबल मांडून इडली-दोशाचं वाटलेलं पीठ विकायची. तिची अडचण साधी होती. उन्हाळ्यात पीठ दुपारपर्यंत आंबून जायचं, गिऱ्हाइकं परत आणून द्यायची, ती आंबट पिठाची भांडी गटारात रिकामी व्हायची.

"मिस, हे सगळं आपल्या सिलॅबसमध्ये आहे," ती मला म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "कुठले जिवाणू, किती तापमानाला किती वाढतात, सगळं. अम्माला कुणी सांगितलंच नाही."

तिने मागितलं काय, तर आम्लता मोजायचं यंत्र दोन आठवड्यांसाठी. विभागातून उपकरण बाहेर नेता येत नाही असा नियम. तेव्हा ती रोज पहाटे थोडं पीठ कडीच्या डब्यात घालून बसने कॉलेजात आणू लागली आणि दर दोन तासांनी, तासांच्या मधल्या पाच मिनिटांत, प्रयोगशाळेत धावत येऊन मोजू लागली. डब्याचं झाकण एकदा बसमध्ये उडालं आणि शेजारच्या बाईच्या साडीवर पीठ सांडलं. ती त्या बाईची बोलणी खाऊन, साडी आपल्या ओढणीने पुसून, तशाच ओल्या ओढणीने कॉलेजात आली आणि उरलेल्या पिठाची आम्लता मोजून मग बाकावर बसली.

तिला काय सापडलं ते थोडक्यात सांगते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारचं कढत होतं, त्याच पाण्याने आदल्या दुपारचं वाटण. मोठ्या पातेल्यात कालचा थर तसाच चिकटलेला. आणि एकच मोठं भांडं दिवसभर उघडत-झाकत राहिल्याने सगळंच्या सगळं एकदम आंबायचं. तिने आईला पहाटे माठातल्या पाण्याने वाटायला लावलं, पातेली उकळत्या पाण्याने धुवायला लावली, पीठ लहान लहान झाकणाच्या भांड्यांत विभागून ती ओल्या वाळूत ठेवली. पण खरी युक्ती यापुढची. पिशव्यांना तिने दोन रंगांची रबरं लावली. हिरवं रबर म्हणजे ताजं, इडलीचं. लाल रबर म्हणजे थोडं आंबलेलं, दोशाचं. जे गटारात जायचं, तेच लोक मागून नेऊ लागले, कारण दोसा आंबट पिठाचाच कुरकुरीत होतो हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. ते फक्त कुणी वेगळं करून विकलं नव्हतं.

मी एका शनिवारी पापनाशमला गेले. सकाळचे सहा वाजले होते. मुलीच्या आईने मला टेबलामागे उभं केलं आणि म्हणाली, "टीचरम्मा, आज तुम्ही द्या."

पहिलेच एक म्हातारे गृहस्थ आले. म्हणाले, "काल आंबट निघालं." झालं, मी सुरू झाले. लॅक्टिक आम्ल, तापमान, कालचं लाल रबर, आजचं हिरवं. ते दोन मिनिटं ऐकत राहिले आणि पिशवी न घेताच वळले. मुलीच्या आईने मागून हाक मारली, "ताता! हे घेऊन जा. उद्या आंबट लागलं तर पातेल्यासकट परत आणा, बदलून देते." म्हातारबुवा परत आले, पिशवी घेऊन गेले.

मग ती माझ्याकडे वळून हसली. "टीचरम्मा, ते शिकायला नव्हते आले. त्यांना न्याहारी करायची होती."

परतताना बसमध्ये मी मनातल्या मनात पुस्तकातले दहा गुण चाळले. यातला एकही त्या बाईच्या त्या एका वाक्याच्या जवळपास पोचत नव्हता.

फेब्रुवारीत कॉलेजात 'नवकल्पना दिन' झाला. मुलांनी आपल्या धंद्याच्या कल्पना मांडायच्या, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निवडायच्या. मी तिला नाव द्यायला लावलं. ती नको म्हणत होती.

सभागृहात एसी लावला होता. आधी एका गटाने शेतीसाठी मोबाईल ॲपची कल्पना मांडली. थर्माकोलचं शेत, त्यात एक दिवा, तो बटण दाबल्यावर लागला. ॲप तयार नव्हतं, पुढच्या वर्षी होणार होतं. टाळ्या पडल्या. मग ती आली. हातात दोन पिशव्या, हिरवं रबर, लाल रबर. तिने इंग्रजीत दोन वाक्यं म्हटली, तिसऱ्यावर अडखळली आणि तमिळमध्ये बोलायला लागली.

"इंग्लिश प्लीज," संचालन करणारे सहकारी माइकवरून म्हणाले.

कोट घातलेल्या एका परीक्षकाने हसून विचारलं, "यात नवीन काय आहे? इडलीचं पीठ तर गल्लोगल्ली मिळतं."

तिने तमिळमध्येच उत्तर दिलं. "सार, आमच्या रस्त्यावर चौघी जणी विकतात. चौघींचं दुपारी आंबतं. आमचं आंबत नाही. आणि आंबलंच तर तेही विकलं जातं."

सभागृहात हशा पिकला. तिचं उत्तर कळून हसले असते तर बरं वाटलं असतं. ते 'आंबतं' या शब्दाला हसले. परीक्षक म्हणाला, "व्हेरी स्वीट. पण हे घरकाम झालं. मोठा विचार कर." मी मागच्या रांगेत बसले होते. उठून बोलायला हवं होतं. पण मी बसूनच राहिले, कारण माझ्या शेजारी प्राचार्य बसले होते. बक्षीस थर्माकोलच्या शेतातल्या त्या दिव्याला मिळालं.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "मनावर घेऊ नकोस." ती म्हणाली, "मिस, त्यांनी पिठाला हातसुद्धा लावला नाही. बघितलं असतं तर कळलं असतं." तिला अपमानापेक्षा त्याचंच जास्त वाटलं होतं.

मार्चमध्ये कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. भिंतींना रंग लागला, बागेत कुंड्या आल्या, आणि विभागप्रमुखांनी मला बोलावलं. "मॅडम, त्या पीठवाल्या मुलीचा स्टॉल लावा. समितीला विद्यार्थी-उद्योजक दाखवायचे आहेत. पिशवीवर आपलं बोधचिन्ह चिकटवा."

"सर, महिन्यापूर्वी तिला या कॉलेजात हसले होते."

"ते वेगळं, हे वेगळं," ते म्हणाले. त्यांना खरोखरच त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. वाटलं असतं तर मला एवढा राग आला नसता.

आणि मी काय केलं? मी त्या मुलीला निरोप दिला. तिने आणि तिच्या आईने पहाटे दुप्पट पीठ वाटलं, ती ते रिक्षाने घेऊन आली, मी स्वतः माझ्या हाताने पिशव्यांवर कॉलेजचं बोधचिन्ह चिकटवलं. समितीतल्या एका बाईंनी पिशवी हातात घेऊन फोटो काढला. तो फोटो कॉलेजच्या माहितीपत्रकात छापून आला. खाली ओळ होती, 'आमच्या उद्योजकता विभागाची निर्मिती.' मुलीचा अर्धा चेहरा फोटोत होता. तिच्या आईचा उल्लेख कुठेही नव्हता. आमच्या कॉलेजने पिठाचा एक थेंब निर्माण केला नव्हता. दोन आठवड्यांसाठी यंत्रसुद्धा दिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये लेखी परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका बाहेरून येते, उत्तरपत्रिका बाहेर तपासल्या जातात. निकाल लागला त्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. सूक्ष्मजीवशास्त्राच्या सगळ्या पेपरांत वर्गात दुसरी. एका पेपरात नापास. इथे त्याला अरियर म्हणतात. पेपर मागे राहिला, तो काढेपर्यंत पदवी अडली.

अरियर उद्योजकतेत होता.

मला आधी वाटलं, छपाईची चूक असेल. आम्ही अर्ज करून उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. ती आली तेव्हा मी आणि ती, दोघी कॅन्टीनच्या बाकावर बसून वाचू लागलो. पहिला मोठा प्रश्न, 'उद्योजकाचे दहा गुण स्पष्ट करा.' तिने लिहिलं होतं, आणि मला ते जवळजवळ जसंच्या तसं आठवतं:

'मी एकच उद्योजक जवळून पाहिली आहे. ती कालचं भांडं आज धुते. गिऱ्हाईक रागावलं तर आधी ऐकून घेते, मग बदलून देते. जे वाया जातं ते कुणाला लागेल याचा विचार करते. चुकलं तर कुठे चुकलं ते मोजते. याहून जास्त गुण मला माहीत नाहीत.'

पुढे दोन पानं पापनाशमच्या टेबलाची हकीकत होती, आम्लतेच्या आकड्यांच्या तक्त्यासकट. त्या दोन पानांवर लाल शाईची एक तिरकी रेघ आणि समासात एक शब्द, 'अप्रस्तुत'.

आजवर मी इतकी उत्तरं तपासली आहेत. इतकं प्रस्तुत उत्तर मी कधीही वाचलेलं नाही.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मिस, तुम्हीच म्हणालात, पुस्तक बाजूला ठेवा."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत नव्हती. ती रागावली होती, आणि माझ्यावर रागावली होती. बरोबरच होतं. बाकीची मुलं माझं ऐकून सत्रभर आपापल्या धंद्यात रमली, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुकाट्याने दहा गुण पाठ करून पास झाली. मी जे बोलले ते या एकीनेच शेवटपर्यंत खरं मानलं होतं. मी पुस्तक बाजूला ठेवायला सांगितलं, पण परीक्षा त्याच पुस्तकाची असणार हे सांगायचं धैर्य मला झालं नाही, कारण ते सांगितलं असतं तर माझा सगळा थाट फसवा आहे हे त्यांना कळलं असतं. पगार माझा, धाडस माझं, आणि नापास ती.

तिला त्या वर्षी तिरुच्चीला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळत होता. अन्नसूक्ष्मजीवशास्त्र. अरियर असताना तो मिळणार नव्हता.

मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी उत्तरपत्रिका पाहिली, शांतपणे म्हणाले, "तपासणी उत्तरसूचीप्रमाणे झाली आहे. सूचीत दहा गुण दिले आहेत. यातला एकही तिने लिहिलेला नाही."

"सर, तिने ते करून दाखवले आहेत."

"करून दाखवण्याला यात गुण नाहीत, मॅडम."

मी माहितीपत्रक पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. "ही तीच मुलगी आहे. आमच्या कॉलेजची उद्योजक म्हणून हिचा फोटो सगळीकडे वाटला आहे. फोटोत पास आणि पेपरात नापास, हे कसं?"

"फोटो परीक्षा विभागाने काढलेला नाही," ते म्हणाले.

मग मात्र माझा आवाज चढला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला, आणि मी मराठीत बोलत होते. समोरच्या माणसाला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. रागात माणूस आपल्या आईच्या भाषेत जातो म्हणतात, ते खरं असावं. आठवड्याने मला 'वर्तनाबाबत समज' देणारं पत्र मिळालं. पुनर्तपासणीत तिचे दोन गुण वाढले. पास व्हायला अकरा हवे होते.

नोव्हेंबरमध्ये अरियरची परीक्षा. ऑक्टोबरभर ती दर शुक्रवारी दुपारी बसने येत होती, आणि मी तिला शिकवत होते. शिकवत काय होते! मी तिच्याकडून पाठ करून घेत होते. स्टाफरूमच्या कोपऱ्यात पुस्तक माझ्या हातात, आणि ती डोळे मिटून म्हणायची, "आत्मविश्वास, जोखीम पत्करण्याची तयारी, नेतृत्व, दूरदृष्टी…" प्रत्येक गुणाखाली चार ओळी, त्याही पुस्तकातल्याच, एक शब्द न बदलता. मी मध्येच थांबवून सांगायचे, "इथे 'म्हणून' नाही, 'त्यामुळे' आहे." माझ्या नोकरीत याहून खालचं काम मी केलेलं नाही.

एका शुक्रवारी ती 'दूरदृष्टी'पाशी अडली. दोनदा, तीनदा. मग डोळे उघडून म्हणाली, "मिस, अम्माला ताप आहे. आज टेबल लागलं नाही. शेजारची अक्का लावते म्हणाली, पण तिला लाल-हिरवं कळत नाही." मी म्हटलं, "जा, घरी जा." ती म्हणाली, "नाही. आधी हे दहा संपवू." आणि तिने संपवले.

ती पास झाली. पुष्कळ चांगल्या गुणांनी, त्या बॅचमधल्या अरियरवाल्यांत सगळ्यात वरच्या. उत्तरपत्रिकेत तिच्या घरच्या टेबलाचा एक शब्द नव्हता. एम.एस्सी.चं वर्ष मात्र गेलं ते गेलंच.

अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीला मी मागे लागून हजर राहिले. तिची उत्तरपत्रिका, नाव झाकून, मी सगळ्यांना वाचून दाखवली. निम्मे गुण प्रत्यक्ष कामाला द्या, तोंडी परीक्षा तमिळमध्येही घ्या, घरच्या धंद्याला काम म्हणून मोजा, एवढं माझं मागणं होतं. सगळ्यांनी फार लक्षपूर्वक ऐकलं. एका ज्येष्ठ बाईंनी डोळेसुद्धा पुसले. चहा झाला. मग ठराव झाला: पुस्तक कालानुरूप सुधारावं, आणि दहा गुणांत 'ग्राहकाभिमुखता' आणि 'शाश्वतता' ही दोन घालून ते बारा करावेत.

बारा केले! मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग माझा चेहरा बघून तिने माझ्यासमोर कॉफीचा डबरा, ती खोलगट पितळी वाटी, ठेवला.

त्या वाया गेलेल्या वर्षात ती मुलगी हातावर हात ठेवून बसली नाही. दोन खाणावळींना ती पीठ पुरवू लागली. शेजारच्या अक्काला लाल-हिरवं शिकवलं. पुढच्या जूनमध्ये तिने तिरुच्चीला पुन्हा अर्ज केला आणि शिफारसपत्रासाठी माझ्याकडे आली. मी पत्र लिहिलं, सही केली, आणि बरेच महिने मनात असलेलं विचारून टाकलं.

"तुला अजून माझा राग येतो का?"

तिने थोडा विचार केला. "तेव्हा आला होता, मिस. मग रागवायला वेळच झाला नाही. पहाटे वाटण असतं."

तिला वाटलं असेल, या उत्तराने मला बरं वाटेल. मला बरं वाटलं नाही. ज्यांचं वर्ष गेलं त्यांना रागवायला वेळ नाही. आणि ज्यांनी ते घालवलं ते ग्राहकाभिमुखता शिकवतायत. मला वेळ आहे. मला पगार आहे, पंखा आहे, खुर्ची आहे, सुट्टी आहे. तेव्हा तिच्या वाटचा राग मी धरून ठेवायचा, एवढं तरी मला करता येण्यासारखं आहे.

आता मी पहिल्याच तासाला मुलांना स्पष्ट सांगते: काम करा, आणि हे बारा गुणही पाठ करा, कारण तुमची पदवी त्या पाठांतरावर अडते. असं का, ते मला विचारू नका, मंडळाला विचारा, पत्ता मी देते. गेल्या वर्षी वर्गातल्या सत्तावीस मुलांनी खरोखरच पत्रं पाठवली. विभागप्रमुखांनी मला बोलावून विचारलं, हे कुणी शिकवलं त्यांना? मी म्हटलं, "हा पेपर मलाच दिलाय ना तुम्ही."

माझंही पत्र दर वर्षी मंडळाला जातं. यंदाचं परवाच टाकलं. उत्तर अजून आलेलं नाही.